उताण्या पोहण्याचा आचार्य : अॅडॉल्फ कीफर

नदीच्या डोहांत किंवा विहिरींत पोहणें शिकलेल्या मनुष्यास विचारलें, तर उताणें पोहणें हा विसाव्याचा प्रकार आहे असें तो सांगेल. हात मारून दम लागला म्हणजे पाठीवर पडावें, आभाळाकडे पाहात राहावें आणि श्वास ठिकाणावर आला म्हणजे पुनः पालथें होऊन कांठ गांठावा, एवढाच त्याचा उपयोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. पण अपुरी आहे. या विसाव्याच्या प्रकारांतूनच पुढें शर्यतीची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली. आणि त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, दुसऱ्या महायुद्धांत भर समुद्रांत फेंकल्या जाणाऱ्या खलाशांस प्राण वांचविण्याचें साधन म्हणून हीच विद्या शिकविण्यांत आली. या दोन्ही गोष्टी ज्या एका पुरुषाच्या चरित्रांत एकत्र आलेल्या दिसतात, तो म्हणजे अमेरिकेंतील शिकागो शहरचा अॅडॉल्फ कीफर. ९८ वर्षांचें दीर्घ आयुष्य भोगून ५ मे २०१७ रोजीं तो वारला. त्याच्या सुवर्णपदकाची हकीकत मनोरंजक आहे खरी. परंतु पदक मिळाल्यावर त्यानें जें केलें, तें घरांतील वडीलधाऱ्यांनीं व मुलांनींहि समजून घेण्यासारखें आहे.

उताणी शर्यत कशी जन्मास आली

ऑलिंपिक सामन्यांत उताण्या पोहण्याची शर्यत प्रथम १९०० सालीं पॅरिस येथें झाली. त्या वर्षीं, पुढें १९०४ सालीं व १९०८ सालीं लंडन येथें, असे तीन वेळां या शर्यतींतील पहिला मान जर्मन पोहणाऱ्यांनींच मिळविला. त्या काळची सामान्य पद्धत म्हणजे दोन्ही हात एकदम डोक्यामागें न्यावयाचे, पाणी ओढीत ते मांड्यांपर्यंत आणावयाचे आणि पाय बेडकाप्रमाणें आंखडून झाडावयाचे. या रीतींत एकदां झटका बसून शरीर पुढें गेलें, कीं हात पुनः मागें पोंचेपर्यंत तें मंदावे. वेग अखंड राहात नसे. १९०८ सालीं १०० मीटर अंतर तोडण्यास जेत्यास १ मिनिट २४.६ सेकंद लागले.

१९१२ सालीं स्टॉकहोम येथें हॅरी हेबनर नांवाच्या शिकागोच्याच एका तरुणानें ही रीत मोडली. तो दोन्ही हात एकदम न फिरवितां आळीपाळीनें फिरवी. एक हात पाण्यांत ओढीत असे, त्याच वेळीं दुसरा हवेंतून डोक्यामागें जाई; आणि पाय वरखालीं अखंड चालत. प्रतिपक्षानें तक्रार केली, कीं हें उताणें पोहणेंच नव्हे. परंतु पोहणारानें पाठीवर असावें, इतकाच नियम होता. हातांची चाल कशी असावी याविषयीं त्यांत अवाक्षरहि नव्हतें. हेबनर जिंकला, आणि त्या दिवसापासून जुनी रीत शर्यतींतून जवळजवळ अस्तास गेली.

शिकागोचें नांव गाजविणारी पुढची व्यक्ति स्त्री होती. सिबिल बाउअर हिनें १९२२ सालीं बर्म्यूडा येथें ४४० यार्डांचें अंतर उताणें पोहून पुरुषांच्या तत्कालीन उच्चांकाहूनहि कमी वेळांत तोडलें. त्या सामन्यास अधिकृत मान्यता नसल्यामुळें तो पराक्रम दप्तरीं नोंदला गेला नाहीं. पण पाहणारांच्या मनांतून तो पुसला जाणें शक्य नव्हतें. १९२४ सालीं पॅरिस येथें तिनें १०० मीटरांचें सुवर्णपदक मिळविलें. दुर्दैवानें अवघ्या २३ व्या वर्षीं, १९२७ सालीं, कर्करोगानें तिचा अंत झाला.

पुरुषांच्या शर्यतींत हवाई बेटांतील वॉरन केअलोहा यानें १९२० व १९२४ सालीं, आणि जॉर्ज कोजाक यानें १९२८ सालीं अमेरिकेचा दबदबा राखला. १९३२ सालीं मात्र लॉस एंजेलिस येथें, अमेरिकेच्या स्वतःच्या अंगणांत, जपानी पोहणाऱ्यांनीं तिन्ही पदकें नेलीं. जेता मासाजी कियोकावा यास १ मिनिट ८.६ सेकंद लागले होते. हें गेलेलें नांव परत कोण आणणार, असा प्रश्न त्या वेळीं अमेरिकनांपुढें होता.

कालव्यांत पडलेला मुलगा

अॅडॉल्फ कीफर याचा जन्म शिकागो येथें २७ जून १९१८ रोजीं झाला. त्याचे आईबाप जर्मनींतून येऊन तेथें स्थायिक झालेले होते. बाप मिठाई करण्याचा धंदा करी. लहानपणीं अॅडॉल्फ एकदां शहराच्या कालव्यांत पडला. पोहणें येत नव्हतें, आणि नाकांत पाणी गेल्यानें तो कासावीस झाला. तेव्हां तोंड वर करून पाठीवर राहूनच त्यानें कसाबसा कांठ गांठला. नाकांत पाणी जाण्याचा त्यास तेव्हांपासून इतका तिटकारा बसला, कीं पोहावयाचें तें पाठीवरच, असें त्यानें ठरविलें, अशी हकीकत तो पुढें सांगत असे. मुलाच्या अंगांतील गुण हेरून बापानें त्यास उत्तेजन दिलें. परंतु बापाचें छत्र फार दिवस लाभलें नाहीं. मुलगा वयांत येण्यापूर्वींच तो वारला, आणि आर्थिक मंदीच्या त्या कठीण काळांत कुटुंबाचा भार आईवर पडला.

१९३३ सालीं शिकागो येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. तेथील पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून अॅडॉल्फनें काम धरलें. तेथेंच त्याची गांठ टेक्स रॉबर्टसन या मिशिगन विद्यापीठाच्या पोहणाऱ्याशीं पडली. रॉबर्टसननें या पंधरा वर्षांच्या मुलाची चाल पाहिली आणि त्यास शिकविण्याचें पत्करलें. सुटी मिळतांच मुलानें शिकागोहून अॅन आर्बरपर्यंतचा प्रवास वाटेंतील मोटारवाल्यांस थांबवून, त्यांच्या गाड्यांतून करावा, आणि तेथें गुरूच्या देखरेखीखालीं तासन्‌तास पाण्यांत घालवावे, असा क्रम सुरू झाला. गुरूच्या शोधांत शिष्यानें पायपीट करण्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही त्यांच्याच जातीची आहे.

या श्रमांचें फळ १९३५ सालीं दिसलें. इलिनॉय संस्थानांतील शाळांच्या सामन्यांत कीफरनें १०० यार्डांचें अंतर उताणें पोहून ५९.८ सेकंदांत तोडलें. एक मिनिटाच्या आंत हें अंतर उताणें पोहून तोडणारा जगांतील तो पहिला मनुष्य. त्या वेळीं त्याचें वय १६ वर्षांचें होतें, आणि तो शाळेंतील विद्यार्थी होता!

न दिसणारी भिंत

कीफरच्या यशाची किंमत कळावयाची, तर या शर्यतींतील अडचण समजली पाहिजे. इतर सर्व प्रकारांत पोहणारास समोरचें दिसतें. उताणें पोहणारास फक्त छत किंवा आकाश दिसतें. पुढची भिंत त्याच्या डोक्यामागें असते. मान वळवून पाहावें, तर छाती बुडते, कंबर खालीं जाते आणि वेग मोडतो. न पाहतां जावें, तर डोकें भिंतीवर आपटण्याची भीति, अगर वळण चुकण्याची. यासाठीं आतां भिंतीपासून ५ मीटरांवर, तलावाच्या आडव्या दोरीस, लहान लहान पताका टांगलेल्या असतात. पताका डोळ्यांवरून गेली, कीं अजून किती हात मारावयाचे हें पोहणारानें पाठ केलेलें असतें. त्या मोजणीवर विश्वास ठेवूनच तो भिंतीस भिडतो.

ही अडचण किती खरी आहे, याचा दाखला बर्लिनच्याच सामन्यांत मिळाला. १९३६ सालीं स्त्रियांच्या उताण्या शर्यतींत हॉलंडची निडा सेन्फ आघाडीवर असतां वळणावर तिचा हात भिंतीस लागलाच नाहीं. हें ध्यानांत येतांच ती मागें फिरली, भिंतीस स्पर्श केला आणि पुनः सर्वांस गांठून १ मिनिट १८.९ सेकंदांत पहिली आली. नियम मोडून पुढें जाण्यापेक्षां दोन हात मागें येणें पत्करणाऱ्या या मुलीचें कौतुक करावें तितकें थोडें.

दुसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. छाती वर, कंबर सरळ, कान पाण्यांत आणि मान स्थिर, अशी ठेवण शेवटपर्यंत राखणें हेंच निम्मे यश होय. कंबर मोडून जो पाण्यांत बसल्यासारखा होतो, त्याचे हात कितीहि बळकट असोत, तो नांगर टाकलेल्या होडीप्रमाणें रखडतो.

बर्लिनचा विजय

१९३६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचा संघ मॅनहॅटन नांवाच्या जहाजानें निघाला. त्याच जहाजावर एलिनॉर होम ही १९३२ सालची उताण्या पोहण्यांतील विजेती होती. प्रवासांत मद्यपान करून शिस्त मोडल्याच्या आरोपावरून संघाच्या अधिकाऱ्यांनीं तिला वाटेंतच संघांतून काढून टाकलें, आणि बर्लिनला पोंचूनहि तिला पाण्यांत उतरतां आलें नाहीं. शिक्षा अपराधाच्या मानानें फार कठोर होती, असें त्या वेळींहि पुष्कळांस वाटलें. कीफर तेव्हां नुकताच १८ वर्षांचा झाला होता.

ऑगस्टांत १०० मीटरांची अंतिम शर्यत झाली. गत खेपेचा जेता कियोकावा पाण्यांत होताच. कीफरनें १ मिनिट ५.९ सेकंदांत शर्यत संपविली. त्याचाच देशबांधव अल्बर्ट व्हॅन्डेवेगे १.८ सेकंदांनीं दुसरा आला, कियोकावा तिसरा. सेकंद-दीड सेकंद म्हणजे काय, असें घरीं बसून वाटेल. पण त्या वेगानें १.८ सेकंदांत मनुष्य अडीच मीटरांहून अधिक अंतर जातो. म्हणजे जेत्याचा हात भिंतीस लागला, तेव्हां दुसरा पोहणारा दीड पुरुष मागें होता. ऑलिंपिकचा हा उच्चांक पुढें १६ वर्षें टिकला; १९५२ सालीं हेलसिंकी येथें योशिनोबू ओयाकावा या अमेरिकन पोहणाऱ्यानें तो मोडला.

बर्लिनच्या तलावावर हिटलर आला असतां त्यानें या तरुण पोहणाऱ्याशीं हस्तांदोलन केलें. पुढें काय घडणार, हें तेव्हां ठाऊक असतें तर त्यास तेथेंच तलावांत ढकलून दिलें असतें, असें कीफर म्हातारपणीं सांगत असे. आईबापांच्या मातृभूमींत त्यानें मिळविलेलें पदक आणि त्याच भूमींतून उसळलेलें युद्ध, या दोहोंमध्यें अवघ्या तीन वर्षांचें अंतर होतें.

कारण १९३९ सालीं युद्ध पेटलें, आणि १९४० व १९४४ या दोन्ही वर्षांचे ऑलिंपिक सामने रद्द झाले. १९४० सालीं कीफर २२ वर्षांचा होता, १९४४ सालीं २६ वर्षांचा. खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें तीं हींच. या काळांत दुसऱ्या कोणत्याहि शर्यतींत त्याचा पराभव होणें ही बातमी ठरे. त्याच्या पराभवांची संख्या शेकडों शर्यतींत दोनच असल्याचें सांगितलें जातें. तरीहि आणखी दोन वेळां मिळण्यासारखें असलेलें ऑलिंपिक पदक त्याच्या हातीं कधींच आलें नाहीं. दुसरा एखादा मनुष्य या दुर्दैवाचें रडगाणें जन्मभर गात बसला असता.

पदकाहून मोठें काम

अमेरिका युद्धांत पडल्यावर कीफर आरमारांत दाखल झाला व नव्या शिपायांस पोहणें शिकविण्याच्या खात्यांत त्याची नेमणूक झाली. तेथें त्याच्या जें दृष्टीस पडलें, त्यानें तो हादरून गेला. आरमारांत भरती झालेले कित्येक तरुण पोहणें मुळींच न येणारे होते. शत्रूच्या गोळीनें मरणाऱ्यांपेक्षां बुडून मरणारे खलाशी अधिक आहेत, असें त्याचें म्हणणें होतें, आणि तें त्यानें वरिष्ठांच्या कानांवर घातलें. जहाजास भोंक पडल्यावर सगळेच कांहीं स्फोटानें मरत नाहींत. पुष्कळ जण धडधाकट शरीरानें पाण्यांत पडतात आणि मदत येण्यापूर्वीं घाबरून, दमून, बुडून मरतात. म्हणजे हें मरण टाळतां येण्यासारखें होतें.

बुडणारा मनुष्य काय करतो? तो हात वर करतो, ओरडतो, पाण्यावर चढूं पाहतो. हवेनें फुप्फुसें भरलेलीं असलीं, म्हणजे मनुष्याचें शरीर पाण्याहून किंचित्‌ हलकें असतें. परंतु हा हलकेपणा इतका थोडा आहे, कीं दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, तर त्यांच्या भारानेंच नाकातोंड बुडतें. उलट तोच मनुष्य हात पाण्याखालीं पसरून, मान मागें टाकून पाठीवर पडला, तर त्याचें तोंड आपोआप वर राहतें. लहानपणीं कालव्यांत पडलेल्या मुलास जें भीतीनें सुचलें होतें, तेंच आतां सहस्रावधि शिपायांस पद्धतशीर शिकवावयाचें होतें. थोडक्या श्रमांत पुष्कळ वेळ टिकतां यावें, अशा बेतानें त्यानें उताण्या पोहण्याची एक सोपी रीत शिकविली. ‘विजयी उताणी चाल’ अशा अर्थाचें नांव तिला मिळालें.

आरमाराच्या त्या काळच्या शिक्षणांत केवळ पोहणें नव्हतें. उंचावरून पायांवर सरळ उडी कशी घ्यावी, पाण्यावर तेल पेटलें असतां त्याखालून कसें जावें व वर येतांना हातांनीं पाणी उडवून ज्वाळा दूर कशा कराव्या, विजारीच्या पायांस गांठी मारून, तींत हवा भरून तिचाच तराफा कसा करावा, अशा कितीतरी गोष्टी त्यांत होत्या. एकट्या मनुष्यानें सर्वांस शिकविणें अशक्य; म्हणून कीफरनें शिक्षकच तयार केले. त्याच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या पोहण्याच्या शिक्षकांची संख्या १३,००० हून अधिक होती, असें सांगतात. त्यांच्या हाताखालीं शिकून युद्धांतून जिवंत परतलेल्यांची गणना कोणीं करावी? वांचलेल्या मनुष्याचें नांव कोणत्याहि स्मारकावर कोरलें जात नाहीं.

धंदा आणि सेवा

युद्ध संपल्यावर कीफरनें शिकागो येथें पोहण्याच्या साहित्याचा धंदा काढला. तोंवर पोहण्याचे कपडे लोकरीचे, सुती अथवा रेशमी असत. लोकर व सूत पाणी पिऊन जड होई, आणि रेशीम महाग पडे. १९४८ सालीं त्याच्या कंपनीनें नायलॉनचा हलका पोषाख तयार केला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत त्यानें तलावांतील पट्टे वेगळे करणारी दोरी सुधारली. साध्या दोरीवरून लाटा एका पट्ट्यांतून दुसऱ्या पट्ट्यांत उसळत, भिंतीवर आपटून परत येत, आणि उताणें पोहणाराच्या तर थेट तोंडावर फुटत. कीफरच्या दोरींत फिरणाऱ्या चकत्या ओंवलेल्या होत्या. लाट त्यांवर आदळली, कीं तिचें बळ तेथेंच खर्ची पडे. आज मोठ्या सामन्यांच्या तलावांत दिसणाऱ्या रंगीत चकत्यांच्या माळा याच जातीच्या आहेत.

याच दशकांत शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या साह्यानें शहराच्या गरीब वस्त्यांत पोहण्याचे तलाव बांधविण्याच्या कामीं त्यानें पुढाकार घेतला. ज्या शहरांत त्यास स्वतःला पाणी शोधीत फिरावें लागलें होतें, त्याच शहरांतील हजारों मुलांस घराजवळ सुरक्षित पाणी मिळालें. १९४१ सालीं त्यानें जॉइस हिच्याशीं विवाह केला होता. हा संसार २०१५ सालीं ती वारली तोंपर्यंत, म्हणजे ७० वर्षांहून अधिक काळ टिकला. नव्वदी उलटल्यावरहि तो नेमानें तलावांत उतरत असे.

त्याच्या मागून शर्यतीची विद्या फार पुढें गेली आहे. २०२२ सालीं इटलीच्या थॉमस चेक्कॉन यानें १०० मीटर उताणें पोहण्यास फक्त ५१.६० सेकंद घेतले. बर्लिनच्या वेळेहून हे १४ सेकंदांनीं कमी. उच्चांक मोडण्यासाठींच असतात. कीफरचा दुसरा वारसा मात्र जुना होण्यासारखा नाहीं.

आपल्या घरासाठीं एक धडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतील जवळजवळ चतुर्थांश पांच वर्षांखालील बालकें होतीं. आपल्याकडील नद्या, विहिरी व शेततळीं यांचीं दारें उघडींच असतात. कोणाचें लक्ष नसेल तेव्हां मूल तेथवर जातें. पूर्वीं घरोघरचे काका-मामा पाठीस भोपळा बांधून पोरांस विहिरींत टाकीत व पोहणें शिकवीत. मुलींच्या वांट्यास तें शिक्षण क्वचितच येई. पालथें होऊन सपासप हात मारणें ही त्या शिक्षणाची परीक्षा असे; पाण्यावर स्वस्थ पडून राहणें यास कोणी विद्या समजत नसे.

वास्तविक आरंभ येथूनच करावा. जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं, कमरेइतक्या स्थिर पाण्यांत, मुलाच्या मानेखालीं व कमरेखालीं हात धरून त्यास पाठीवर निजवावें. कान बुडूं द्यावे; मुलें येथेंच बिचकतात व मान उचलतात, आणि मान उचलली कीं कंबर खालीं जाते. हनुवटी आकाशाकडे, छाती फुगलेली, हात पाण्याखालींच दोहों बाजूंस पसरलेले, आणि श्वास संथ. आधाराचा हात हळूहळू सैल करावा. पाणी आपणांस उचलून धरतें, हा अनुभव एकदां आला, म्हणजे भीति निम्म्यानें ओसरते. पुढें पाय हलविणें व हात मारणें सहज येतें. हें शिक्षण मुलास तसेंच मुलीस, सुनेस तसेंच प्रौढ गृहस्थासहि घेतां येतें; त्यास बळ फारसें लागत नाहीं. मात्र पोहतां आलें म्हणून मुलास एकट्यानें पाण्यावर जाऊं देऊं नये, हा नियम घरांत सर्वांस सारखाच असावा.

शंभर मीटरांची शर्यत जगांत फार थोड्यांस जिंकावयाची असते. परंतु मदतीचा हात येईपर्यंत तोंड वर ठेवून पाण्यावर टिकून राहण्याची वेळ कोणावर केव्हां येईल, याचा नेम नाहीं. कीफरनें पहिली गोष्ट स्वतः साधली आणि दुसरी हजारोंना शिकविली. या सुटींत घरांतील मुलांस तीच दुसरी गोष्ट शिकविण्याची व्यवस्था वडीलधाऱ्यांनीं अवश्य करावी.